सागाखालची झुडपे

पावसाळ्यात सारंगखेड्याच्या पुलावरून तापी पाहिली, तर पाणी गढूळ दिसते. त्यातला काही गाळ सातपुड्याच्या उतारांवरून येतो. उतारावर झाडे असूनही माती का वाहते? त्यासाठी आपण जंगलाचा मधला थर पाहू.

सागाच्या रुंद पानांवर पावसाचे थेंब एकत्र येऊन टपोरे होतात. आठ-दहा मीटर उंचीवरून पडताना त्यांना बराच वेग येतो आणि उघडी माती उडते. खाली कुडा, धायटी, मुरडशेंग यांची झुडपे व पाचोळा असेल, तर हा मार मातीपर्यंत पोचत नाही.

हा थर दुर्लक्षित राहिला, त्यामागे इतिहास आहे. १८६४ मध्ये ब्रिटिश सरकारने वनखाते स्थापले. त्याला इमारती लाकूड हवे होते. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलांवर सरकारी ताबा घट्ट झाला. लाकूड मुख्य, बाकीचे 'गौण' ठरले. कुड्याची साल औषधाला, मुरडशेंगेची दोराला, धायटीची फुले रंगाला वापरणाऱ्या आदिवासींचे पिढीजात हक्क सवलती बनले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील त्यांची मालकी मान्य केली. त्यात झुडपांचे सरपणही येते. 'गौण' हा शब्द मात्र टिकला.

म्हणून आम्ही शिक्षकांना सुचवतो : मातीचे दोन ट्रे घ्या, एकावर पाचोळा पसरा. दोन्हींवर उंचावरून झारीने सारखेच पाणी सोडा. कोठले पाणी अधिक गढूळ, ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.