मछली, बेटकुळी आणि उंदीर

मधल्या सुट्टीत बाह्या वर सारून दंड फुगवून दाखवायचा, हा आमच्या शाळेतल्या मुलांचा आवडता उद्योग. वर उठलेल्या त्या गोळ्याला आमची उर्दू माध्यमाची मुले ‘मछली’ म्हणतात. मराठी शाळेत जाणारी मुले त्यालाच ‘बेटकुळी’ म्हणतात, कुणी बेडकुळी. एकाला कातडीखाली मासा हललेला दिसतो, दुसऱ्याला बेडूक. देऊळघाट हे पैनगंगेच्या काठचे गाव. दोन्ही प्राणी पाण्यातलेच, तेव्हा भांडणाचे कारण नाही, असे म्हणून मी बरेच दिवस हे हसण्यावारी नेले.

पुढे वाचनात आले की लॅटिन भाषेत स्नायूला जो ‘मस्क्युलस’ शब्द आहे त्याचा मूळ अर्थ छोटा उंदीर. ग्रीक भाषेतही उंदीर आणि स्नायू यांना एकच शब्द. आणि आमच्या उर्दू पुस्तकातला ‘अजला’ ज्या अरबी मुळातून आला, त्याच मुळातल्या ‘अजल’चा एक अर्थ अरबी कोशांत मोठा उंदीर असा दिला आहे. (हा मृत्यूचा ‘अजल’ नव्हे, तो अलिफ-जीमचा, हा ऐन-जादचा. नागरी लिपीत दोघे एकच दिसतात, त्याला माझा इलाज नाही.) कातडीखाली काहीतरी जिवंत धावते आहे, हे सगळ्यांनाच दिसले. ते धावते कसे, हे कळायला मात्र फार काळ लागला.

शब्दांचा गोंधळ एवढ्यावर संपत नाही. मराठी पुस्तकात मसल म्हणजे स्नायू आणि सेल म्हणजे पेशी. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू, सेलला तिथे कोशिका म्हणतात. बंगालीत स्नायू म्हणजे मज्जातंतू. आणि उर्दूत पेशी म्हणजे कोर्टातली तारीख! माझा एक जुना विद्यार्थी अकरावीला गेल्यावर हिंदी गाइड आणि मराठी नोट्स शेजारी ठेवून वाचत होता. एका संध्याकाळी घरी येऊन विचारू लागला, “सर, पेशी सिकुडती है, या पेशी में केंद्रक रहता है?” मी म्हटले, दोन्ही बरोबर, फक्त भाषा वेगळी. त्याचे समाधान झाले नाही, आणि का व्हावे? सुश्रुतसंहितेत पेशी म्हणजे मांसाचे स्नायूच आहेत, त्यांची संख्या 500 दिली आहे; आणि ‘स्नायू’ म्हणजे सांधे बांधून ठेवणारे दोर, ते 900. म्हणजे पेशीचा जुना अर्थ हिंदीने जपला, मराठीने दोन्ही शब्दांना नव्या कामाला लावले. हे त्या मुलाला कोणत्याच पुस्तकाने सांगितले नव्हते. मीही नाही.

सुश्रुताचा हा ग्रंथ अब्बासी काळात बगदादला पोचला होता. यह्या बिन खालिद बर्मकी याने मनका नावाच्या हिंदी वैद्याकडून त्याचे भाषांतर करवून घेतले, अशी नोंद इब्न नदीमच्या ‘अल-फिहरिस्त’मध्ये आहे. नवव्या शतकात हुनैन बिन इसहाक या ख्रिस्ती विद्वानाने ग्रीक हकीम जालीनूसचे म्हणजे गॅलेनचे ग्रंथ त्याच शहरात अरबीत आणले. ज्या विद्येला आपण ‘आपली’ म्हणतो तिच्या पायात अशा अनेकांचे दगड आहेत.

एका कार्यक्रमात एका वक्त्याने सांगितले की स्नायूंचे सारे शास्त्र इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले, युरोपने फक्त नक्कल केली. टाळ्या पडल्या. माझ्याही होत्या. घरी येऊन मी ‘अल-कानून’चा उर्दू तर्जुमा उघडला. इब्न सीना (980-1037) तिथे सांगतो की असब नाजूक, हाड कठीण आणि जड. नाजूक धाग्याने जड हाड कसे ओढणार? म्हणून असबचे तंतू रबातच्या म्हणजे अस्थिबंधाच्या तंतूंत विणले गेले, मधल्या जागेत मांस भरले, वरून पडदा आला. हा अजला आखडला की वतर ओढली जाते, वतरीबरोबर अवयव हलतो. सैल पडला की अवयव परत. सगळ्या शरीरात असे 529 अजलात त्याने मोजले. आज सहाशेच्या वर मोजतात. त्या काळाच्या मानाने ही नजर विलक्षणच म्हटली पाहिजे. आमच्या राज्यातल्या तिब्बिया कॉलेजांत तश्रीह शिकणारी मुले अजला, असब, वतर हेच शब्द अजून वापरतात.

पण अजला आखडतो का? इथे इब्न सीना जालीनूसच्याच वाटेने जातो. मेंदूतून असबच्या वाटे रूह-ए-नफ्सानी वाहते आणि ती हालचाल घडवते. हे चूक होते. वक्त्याने तेवढे पान वाचले नसावे. मीही टाळी वाजवताना वाचलेले नव्हते. इब्न सीनाचा मान यामुळे कमी होतो असे मला वाटत नाही. त्याच्या नावावर त्याने न लावलेले शोध चढवले तर मात्र होतो. सहाशे वर्षांनी युरोपातला देकार्तही हेच मानत होता की नसांतून सूक्ष्म वारा शिरतो आणि स्नायू फुग्यासारखा फुगतो.

ते खोटे पाडले बेडकाने! हॉलंडच्या स्वामरडॅमने 1660 च्या दशकात बेडकाचा स्नायू काचेच्या नळीत बंद केला. नळीच्या बारीक तोंडात पाण्याचा एक थेंब ठेवला. स्नायू फुगला तर थेंब वर सरकायला हवा. नस छेडली, स्नायू आखडला, थेंब वर चढला नाही. बाहेरून काही आत शिरतच नव्हते. पुढे 1791 मध्ये इटलीच्या गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने उडतात हे छापून प्रसिद्ध केले. 1883 मध्ये लंडनच्या सिडनी रिंगरला कळले की शुद्ध पाण्यात बनवलेल्या मिठाच्या द्रावणात बेडकाचे हृदय थंडावते, आणि नळाच्या पाण्यातल्या द्रावणात धडधडत राहते. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता. आपल्या मराठीने दंडात बेडूक पाहिला, तो असा शास्त्रज्ञांच्या टेबलावर दोनशे वर्षे राबला.

खरा उलगडा 22 मे 1954 च्या ‘नेचर’ साप्ताहिकात झाला. त्या अंकात दोन लेख शेजारी शेजारी होते. एक अँड्र्यू हक्सली आणि नीडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन या बाईंचा. दोन्ही हक्सलींचे आपसांत नाते नव्हते. पहिल्या जोडीने बेडकाचा स्नायू तपासला, दुसरीने सशाचा, आणि निष्कर्ष एकच निघाला. स्नायूत जाड आणि बारीक असे दोन प्रकारचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. स्नायू आखूड होतो तेव्हा हे तंतू आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. विहिरीतून बादली ओढताना दोरही लहान होत नाही आणि हातही नाही, एक हात सोडून दुसरा पुढे धरला की दोर वर येतो, तसेच. जाड तंतूंवरची मायोसिनची इवली डोकी ॲक्टिनचा बारीक तंतू धरतात, ओढतात, सोडतात. एका ओढीत सरकणारे अंतर एका मिलिमीटरचा साधारण लाखावा भाग. कॅल्शियम आले की पकड सुरू, गेले की बंद.

यातली गंमत अशी की धरायला नव्हे, सोडायला इंधन लागते. एटीपी नावाचे हे इंधन 1929 मध्ये जर्मनीत लोमान याने शोधले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत फिस्के व आपल्या आंध्रच्या भीमवरममध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी. माणूस गेल्यावर एटीपी संपत जाते, डोकी धरलेलीच राहतात, आणि मय्यत ताठरते. गुस्ल देणारे आमचे बुजुर्ग अंग नरम आहे तोवर हात-पाय सरळ करून घेतात, हनुवटीखालून पट्टी बांधतात. कारण कुणी विचारले नसेल, पण वेळ त्यांना बरोबर ठाऊक असते. कुर्बानीच्या दिवशी खाटीकही सांगतो की गोश्त आधी आकडते, मग नरम पडते.

गेल्या वर्षी मी सातवीच्या मुलांना अंगणात दोन रांगांत समोरासमोर उभे केले. एका रांगेची बोटे दुसरीच्या बोटांत अडकवली आणि म्हटले, सरका. दोन्ही रांगा जवळ आल्या, बोटे तेवढीच राहिली. मागच्या टोकाचा एक मुलगा ओरडला, “सर, मछली छोटी हुई, हम तो उतनेच के उतनेच!” फळ्यावर मी आधी अजलात लिहिले होते. त्याच्या शेजारी स्नायू लिहिले, खाली मसल लिहिले, आणि मुलांच्या आग्रहावरून बेटकुळीही.