जिना चढणारी खुर्ची

साहित्यात आणि नाटकात जिना हा बहुधा नुसता जिना नसतो. कुणी रागाने चढून जाते, कुणी नटूनथटून उतरते, कुणी मधल्या पायरीवर थबकते. आणि आपण वाचक त्या चढउतारांतून मानापमानाचे अर्थ लावत बसतो. मात्र ज्याला पायरीच चढता येत नाही, त्याच्या लेखी हाच जिना म्हणजे एक भिंत असते, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. घरगुती जिन्यावर रुळावरून सरकणाऱ्या खुर्चीचा, म्हणजे स्टेअरलिफ्टचा, इतिहास आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो या कारणाने.

या इतिहासाचा आरंभ इंग्लंडच्या आठव्या हेन्रीपाशी नेला जातो. 1536 साली घोड्यावरून पडून झालेला अपघात, पायावरच्या न भरणाऱ्या जखमा आणि वाढत गेलेला देह यांमुळे उत्तरायुष्यात राजाला चालणे जड झाले. त्याच्या मालमत्तेच्या यादीतील एका नोंदीवरून इतिहासकार डेव्हिड स्टार्की यांनी असा निष्कर्ष मांडला, की व्हाइटहॉलच्या राजवाड्यात त्याच्यासाठी जिन्यावरून ओढून नेण्याची खुर्ची होती. दोर, कप्प्या आणि सेवकांचे दंड हेच तिचे यंत्र. राजा वर जाई तो दुसऱ्यांच्या बळावर. त्याला त्याचे काही वाटण्याचे कारण नव्हते. दुसऱ्यांनी वाहून नेणे हे तर राजेपणाचेच लक्षण. सामान्य माणसाला मात्र असे उचलून नेले जाणे लाजिरवाणे वाटते.

हे ओझेपण दूर करण्याचे काम विजेने केले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधील सी. सी. क्रिस्पेन यांनी आपल्या आजारी मित्राला घरातल्या घरात वरखाली जाता यावे म्हणून एक खुर्ची तयार केली. ते स्वतःच शिकलेले तंत्रज्ञ होते. जिन्याकडेच्या रुळावरून सरकणारी आणि घरच्या विजेवर चालणारी ही खुर्ची 1923 साली ‘इन्क्लिनेटर’ या नावाने लोकांपुढे आली. त्याच काळात, 1921 मधील आजाराने पाय गमावलेले फ्रँकलिन रूझवेल्ट हाइड पार्क येथील आपल्या घरात सामानाच्या जुन्या पाळण्यात बसून, स्वतःच्या हातांनी दोर ओढत वर जात असत. एकाने यंत्र पत्करले, दुसऱ्याने बाहुबळ. पण दोघांनाही हवे होते ते एकच. आपले वर जाणे आपल्या हाती असावे.

या मुद्द्याचे उत्तम भाष्य आम्हांला एका चित्रपटात सापडते. अगाथा ख्रिस्ती यांच्या कथेवरून आणि नाटकावरून बिली वाइल्डर यांनी 1957 साली ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ काढला. त्यात हृदयविकारातून उठलेल्या सर विल्फ्रिड या बॅरिस्टरसाठी जिन्यावर अशी खुर्ची बसवलेली आहे. चार्ल्स लॉटन यांनी रंगवलेला हा वृद्ध आधी संशयाने तिच्यात बसतो आणि मग लहान मुलासारखा रमतो. खुर्ची बसवली ती त्याने निमूटपणे वर जाऊन विश्रांती घ्यावी म्हणून; पण आलेल्या गृहस्थाच्या खिशात चिरूट दिसताच तो तीच खुर्ची उलट फिरवून खाली येतो. परिचारिका पाहत राहते. आज्ञापालनासाठी आणलेले यंत्र बंडखोरीला उपयोगी पडते, कारण त्याची कळ रुग्णाच्या हाती आहे.

पुढे ही खुर्ची खऱ्या अर्थाने रुजली ती ब्रिटनमध्ये. झोपण्याची खोली आणि न्हाणीघर वरच्या मजल्यावर अशी तिथल्या असंख्य घरांची रचना. तेव्हा म्हातारपणी गुडघे गेले की घरच दुरावते. 1867 पासून याऱ्या व उद्वाहक बनवणाऱ्या स्टॅना या घराण्याच्या कंपनीने 1975 मध्ये जिन्याच्या खुर्च्या करायला घेतल्या. दीर्घ आजारी आणि अपंग व्यक्तींविषयीचा 1970 चा कायदा आणि पुढे घरात असे बदल करण्यासाठी मिळू लागलेले सरकारी अनुदान यांनी या सोयीचा हक्काशी संबंध जोडला. यंत्रही बदलत गेले. रूळ भिंतीऐवजी पायऱ्यांवरच बसू लागला, वळणाच्या जिन्यासाठी तो मापाने वाकवला जाऊ लागला, दातेरी पट्टीवरून चाक खुर्चीला वर नेऊ लागले आणि वीज गेली तरी बॅटरीवर ती चालू लागली. युरोपीय मानकानुसार तिचा वेग सेकंदाला 15 सेंटिमीटरहून अधिक नसतो.

तरीही या संथपणाची चेष्टा होतेच. 1984 च्या ‘ग्रेमलिन्स’ मध्ये एका खाष्ट धनिक वृद्धेला तिचीच खुर्ची भरधाव नेऊन खिडकीबाहेर फेकते, आणि प्रेक्षक हसतात. लॉटनच्या खुर्चीला हसताना आपण त्याच्या बाजूने असतो. येथे मात्र वृद्धेच्या हातची कळ काढून घेतली आहे आणि आपल्याला हसायचे आहे ते तिच्या असहायतेला.

विनोदाच्या या दोन तऱ्हांतला फरक वाचकाने ओळखावा असे आम्हांला वाटते. पाच शतकांत खुर्ची ओढणारे हात गेले, दोर गेले. प्रश्न तोच राहिला. माणसाला वर कुणी नेले, की तो स्वतः गेला?