ख्रिस्ती कीर्तन

नारदीय कीर्तनाचा साचा कायम ठेवून बायबलमधील कथा सांगण्याची रीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर भागातील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत ती रुजली. क्रम ओळखीचाच: नमन, पूर्वरंगात एखादे वचन घेऊन त्याचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. उधळ्या पुत्राचा दाखला आख्यानाला फार सोयीचा. पोरगा वाटणी मागून घर सोडतो, पैसा उडवतो, डुकरे राखण्याची पाळी त्याच्यावर येते. इथे निवेदन थांबून विलापाचे पद सुरू होते. बाप धावत सामोरा आला की लय चढते, टाळ-पेटीच्या साथीने धृपद श्रोतेही उचलतात. शेवटी आरतीच्या जागी प्रार्थना.

याला निव्वळ प्रचाराची युक्ती म्हणणे अपुरे आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांचे कान अभंग-ओवीवर पोसलेले होते; परक्या चालींवर बसवलेली भाषांतरित गीते म्हणताना त्यांची जीभ अडखळे. ही अडचण सर्वांत नेमकी ओळखली ती १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी. त्यांची भजने व अभंग केवळ कीर्तनापुरते राहिले नाहीत, रविवारच्या उपासनेतही गेले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात ती आजही आहेत. टिळकांनी आरंभलेले ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या निधनानंतर (१९१९) त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.