रॅबिटएमक्यू : तुमच्या ऑर्डरचा मेसेज मध्येच हरवत का नाही?

ऑनलाइन ऑर्डर दिली की पेमेंट, गोदाम, एसएमएस अशा वेगवेगळ्या यंत्रणांना मेसेज जातात. त्यातली एखादी बंद असेल, तर तिचा मेसेज सांभाळून ठेवतो तो मेसेज ब्रोकर. २००७ साली आलेला रॅबिटएमक्यू हा असाच एक ओपन सोर्स ब्रोकर.

विश्वासार्हता
रांग ‘ड्युरेबल’ आणि मेसेज ‘पर्सिस्टंट’ ठेवला, तर सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावरही तो टिकू शकतो. ‘क्वोरम’ प्रकारच्या रांगेत मेसेजच्या प्रती अनेक सर्व्हरवर असतात. ३ पैकी १ बंद पडला तरी काम चालू राहतं.

मेसेज घेणाऱ्या यंत्रणेने पोच दिल्यावरच ब्रोकर तो काढून टाकतो. पोच येण्याआधी कनेक्शन तुटलं, तर मेसेज पुन्हा पाठवला जातो. मेख इथेच आहे. पैसे कापले गेले, पण पोच द्यायची राहिली, तर तेच पैसे दुसऱ्यांदा कापले जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक तपासणं ही ॲप बनवणाऱ्यांची जबाबदारी ठरते.

सुरक्षा
टीएलएस वापरल्यास वाटेत मेसेज वाचता येत नाही. कोणत्या खात्याने कोणती रांग वापरायची, हेही ठरवता येतं. मूळचं ‘गेस्ट’ खातं बाहेरच्या मशीनवरून चालत नाही. सोयीसाठी ते खुलं करणं धोक्याचं.

वेग
‘प्रीफेच’ मर्यादेमुळे एकाच यंत्रणेवर कामाचा ढीग पडत नाही. मात्र डिस्कवर लिहिणं आणि प्रती ठेवणं याला वेळ लागतो. लाइव्ह स्कोअरचा एखादा मेसेज गेला तर चालतं, पेमेंटचा गेलेला चालत नाही.