मादाम मेनका : मुंबईचे कथक युरोपच्या रंगमंचावर

१/ जुलै १९३६. ऑलिम्पिक सामने तोंडावर आले असताना बर्लिनमध्ये आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरली. मुंबईहून आलेल्या एका नृत्यसंघाने तेथे कथक सादर केले व पारितोषिके मिळवली. संघाच्या प्रमुख होत्या मादाम मेनका. महाराष्ट्रात हे नाव आज क्वचितच उच्चारले जाते. हा थ्रेड त्यांच्याविषयी.

२/ मेनका हे रंगमंचावरील नाव. मूळ नाव लीला रॉय. जन्म १८९९, बंगालमधील बारिसाल येथे. पती डॉ. साहिबसिंग सोखी हे पुढे परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक झाले. अशा प्रतिष्ठित घरातील स्त्रीने नर्तनास वाहून घेणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

३/ कारण नाचविरोधी चळवळीने कथक बदनाम केले होते. दरबारांचा आश्रय आटत चालला होता. ज्या तवायफांनी ही कला जपली, त्यांच्याच नावाने तिला बोल लावला जाई. मेनकांनी पंडित सीताराम प्रसाद, अच्छन महाराज अशा गुरूंकडे रीतसर शिक्षण घेतले.

४/ पण परदेशी प्रेक्षकांपुढे खरा पेच निराळा होता. कथक ही मैफलीची कला. रसिक मनातल्या मनात मात्रा मोजतो. नर्तक चक्करे घेत नेमका समेवर येतो, तेव्हा दाद उसळते. ठुमरीच्या एका ओळीवर नर्तक कितीतरी भाव दाखवतो. ज्याला सम ठाऊक नाही आणि शब्द कळत नाहीत, त्याने दाद द्यावी कशाला?

५/ मेनकांनी यावर बॅलेचा मार्ग काढला. एकट्याच्या नृत्याऐवजी समूह, तासन्‌तास चालणाऱ्या विस्ताराऐवजी आटोपशीर प्रवेश आणि हालचालींतून उलगडणारे कथानक. ‘कृष्णलीला’, ‘देवविजय नृत्य’ व ‘मेनका लास्यम्’ ही नृत्यनाट्ये याच घाटाची. पाया मात्र कथकचाच. रामनारायण मिश्र व गौरीशंकर हे परंपरेत वाढलेले नर्तक संघात होते.

६/ संगीताची बाजूही तितकीच भक्कम होती. संघात सरोदवादक उस्ताद सखावत हुसेन खाँ होते. लखनौच्या ज्या मॅरिस कॉलेजात ते शिकवत, ते १९२६ साली पंडित वि. ना. भातखंडे यांच्या पुढाकाराने उभे राहिले होते. युरोपातील अनेक श्रोत्यांनी सरोद प्रथम ऐकला तो या दौऱ्यात.

७/ १९३६ ते १९३८ या काळात संघाने युरोपात सुमारे ७५० प्रयोग केले. पौर्वात्य कलांचे कुतूहल तेव्हा शिगेला पोहोचले होते. १९३१ च्या पॅरिस वसाहत प्रदर्शनात बाली बेटावरील नर्तक-वादकांनी प्रेक्षकांना थक्क केले होते. उदयशंकरांचा संघही गाजत होता. परंतु या कुतूहलाला दुसरी बाजू होती. १९३८ च्या ‘एश्नापूरचा वाघ’ या जर्मन चित्रपटात मेनकांचा संघ झळकला. त्यातला हिंदुस्थान मात्र महाराजे आणि वाघ यांचाच होता.

८/ बर्लिनच्या त्या यशावरही एक सावली आहे. स्पर्धेमागे नाझींचे प्रचार मंत्रालय होते. अमेरिकेच्या मार्था ग्रॅहम यांनी नाझी अत्याचारांचा निषेध म्हणून निमंत्रण नाकारले. मेनका गेल्या. गुलाम देशाच्या कलावंताला जगापुढे उभे राहण्याच्या संधी मोजक्याच मिळत, हे खरे; तरी यजमान कोण होता, हे विसरून त्या पारितोषिकांचे मोल ठरवता येत नाही.

९/ दौऱ्यानंतर मेनकांनी खंडाळ्यात ‘नृत्यालयम्’ काढले. घाटमाथ्यावरच्या त्या गावी कथक, कथकळी व मणिपुरी एका छताखाली शिकवले जाऊ लागले. दमयंती जोशी ही मुंबईची मराठी मुलगी मेनकांच्याच तालमीत घडली. पुढे त्यांना १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार व १९७० मध्ये पद्मश्री मिळाली.

१०/ दमयंतीबाईंची कीर्ती झाली ती एकल कथकसाठी. परदेशी प्रेक्षकांसाठी परंपरेला कात्री लावली, असा आक्षेप मेनकांवर घेता येतो. परंतु त्यांच्याच शिष्येने संपूर्ण, अखंड कथक पुन्हा भारतीय रसिकांसमोर मानाने उभे केले. ३० मे १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या अडीच महिने आधी, मेनका निवर्तल्या. आज घरोघरच्या मुली निःसंकोच घुंगरू बांधतात, त्यामागे त्यांचेही पाऊल आहे.