कचेरीतली मराठी, माजघरातली मराठी

'पंचनामा' हा शब्द आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. अतिवृष्टी झाली की पिकांचा पंचनामा होतो, अपघात झाला की जागेचा होतो. हा शब्द मधोमध फोडून पाहिला, तर त्यातला 'पंच' संस्कृतातून आलेला आणि 'नामा' फार्सीतून आलेला. 'साक्षीदार' तसाच. साक्षी इथला, 'दार' हा प्रत्यय इराणातला. हे दोन तुकडे कोणत्याही पंडिताने किंवा मौलवीने एकत्र बसून जोडलेले नाहीत. ते जोडले गेले कचेरीत, चावडीवर, काम उरकण्याच्या घाईत. माणूस कोणता शब्द उचलतो हे तो कोणत्या जागी उभा आहे, समोर कोण आहे आणि काम काय आहे, यावर ठरते. मराठीचा गेल्या सात शतकांचा इतिहास याची साक्ष देतो.

ज्ञानेश्वरी सिद्ध झाली १२९० मध्ये. त्या ग्रंथात फार्सी शब्द जवळजवळ नाहीत. पुढे सहाच वर्षांनी, १२९६ मध्ये, अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले आणि त्यातून पुढे निजामशाही, आदिलशाही निघाल्या. दरबाराची भाषा फार्सी झाली. पण दरबार म्हणजे सारा मुलूख नव्हे. गावचा हिशेब पूर्वीसारखाच कुलकर्णी लिहीत होता, परगण्याचा देशपांडे लिहीत होता. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४ ते १५५८) महसुली हिशेबातून फार्सी काढून तिथे हिंदवी आणली आणि ते काम ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले, असे त्याच दरबारात राहिलेला इतिहासकार फेरिश्ता सांगतो. म्हणजे फार्सी शब्द मराठीत आले ते तलवारीच्या टोकावरून नव्हे, तर मराठी बोलणाऱ्या कारकुनाच्या बोरूवरून. वरच्या अधिकाऱ्याला कळेल असे लिहायचे, म्हणून त्याने तो शब्द घेतला. मग तो त्याच्याच घरच्या आडनावात जाऊन बसला. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस ही आडनावे पाहा. त्यातला 'नीस' म्हणजे फार्सीतला 'नवीस', लिहिणारा.

हे शब्द कुठे शिरले आणि कुठे नाही, हे पाहणे फार बोलके आहे. जुन्या वाड्यात दिंडीपासून आत चालत जा. बाहेर मोठा दरवाजा, मग दिवाणखाना. पाहुणा, सावकार, सरकारी माणूस इथपर्यंत येणार. त्याच्या आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर. दिवाणखाना फार्सी, माजघर मराठी. घरात आपण 'दार' लोटतो, किल्ल्याला आणि शहराला मात्र 'दरवाजा' असतो. पुण्यात शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा हा दरवाजाच राहिला, त्याचे कोणी दार केले नाही. जिथे सत्तेची ये-जा होती तिथवर तिचे शब्द आले. चुलीपाशी, जात्यापाशी सत्तेचे काही काम नव्हते, तिथे ते बेताने आले.

शेतातही तेच. नांगर, औत, पेरणी, खुरपणी, मळणी हे सारे शब्द इथल्या मातीतले. मृग निघाला, आर्द्रा कोरड्या गेल्या, हे शेतकरी नक्षत्रांच्या भाषेत बोलतो. पण पीक हाती येऊन त्याचा हिशेब सरकारला द्यायची वेळ आली की भाषा पालटते. जमीन, बागायत, जिरायत, हंगाम, महसूल, वसूल, जमाबंदी, तगाई. खरीप आणि रब्बी तर थेट अरबी. तिकडे खरीफ म्हणजे शरद आणि रबी म्हणजे वसंत. जे काम हाताने केले त्याचे नाव मराठी राहिले, ज्याची सरकारने चौकशी केली त्याचे नाव फार्सी-अरबी झाले.

आता दोन कवींकडे पाहू. पहिले पैठणचे संत एकनाथ. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादच्या किल्ल्यावर अधिकारी. परंपरा सांगते की एकनाथांनी तिथे गुरूंच्या हिशेबाचे काम केले. म्हणजे कचेरीची भाषा त्यांच्या कानावरून गेलेली. त्यांनी भागवतावर टीका लिहिली, भावार्थ रामायण लिहिले. तिथली भाषा वेगळी. पण भारूड लिहिताना त्याच एकनाथांनी 'अर्जदस्त' लिहिला. त्यात शरीर हा परगणा आहे, जीव हा तिथला शेकदार आहे, बुद्धी कारकून आहे आणि हा सारा अर्ज परमेश्वर नावाच्या धन्याला केलेला आहे. सुरुवात अगदी सरकारी कागदासारखी. ऐकणारा माणूस आयुष्यभर कचेरीत अर्ज घेऊन हेलपाटे घालत होता. त्याला अध्यात्म सांगायचे तर त्याच्याच अनुभवातल्या शब्दांत सांगावे, हे त्या थोर माणसाला उमगले होते.

दुसरे श्रीगोंद्याचे शेख महंमद. 'योगसंग्राम' हा त्यांचा ग्रंथ. धर्माने मुसलमान, पण ग्रंथातली भाषा योगाची, वेदांताची, छंद ओवीचा. पुढे सतराव्या शतकात हुसेन अंबरखान यांनी गीतेवर मराठी टीका लिहिली, ती 'अंबरहुसेनी' म्हणून ओळखली जाते. गीतेवर लिहायचे तर गीतेच्याच परंपरेतले शब्द लागणार. आता हे दोन चित्र शेजारी ठेवा. भारुडात फार्सी शब्द भरणारे एकनाथ ब्राह्मण आहेत आणि ओवीतून योगाची परिभाषा मांडणारे शेख महंमद मुसलमान आहेत. शब्दांची निवड जर लिहिणाऱ्याच्या धर्मावर ठरत असती, तर हे चित्र नेमके उलटे दिसले असते.

समोरचा माणूस बदलला की भाषा कशी बदलते, याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे जुन्या पत्रांचे मायने. वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव', बरोबरीच्याला 'राजश्री'. कोणी कोणाला आशीर्वाद लिहायचा, कोणी नमस्कार, कोणी दंडवत, कोणी रामराम, हे ठरलेले. कोणाच्या वाट्याला 'जोहार' आला, तेही ठरलेले. मजकूर वाचण्याआधीच, नुसत्या पहिल्या ओळीवरून लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची पायरी कळत असे. या रिवाजात सौजन्य होते, तशीच जातीची उतरंडही होती. म्हणूनच विसाव्या शतकात बाबासाहेबांच्या अनुयायांनी 'जोहार' टाकून 'जय भीम' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा केवळ एक शब्द बदलला नाही. आम्ही यापुढे कोणत्या पायरीवर उभे राहणार, हे त्यांनी त्या दोन शब्दांत सांगून टाकले.

सत्ता बदलली की शब्द बदलावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. स्वतंत्र राज्याला स्वतःची भाषा हवी, म्हणून रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे काम सोपवले गेले आणि 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. राज्यकारभारातल्या फार्सी-अरबी आणि इतर रूढ शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत झाला, सुरनिसाचा सचिव झाला, पेशव्याचा मुख्य प्रधान झाला. ही एका नव्या राज्याच्या स्वाभिमानाची खूण होती आणि तिचे मोल मोठे आहे. पण पुढे काय झाले? अर्ध्या शतकात 'पेशवा' हाच शब्द मराठी सत्तेचे दुसरे नाव बनला. मुख्य प्रधानांचे राज्य असे कोणी म्हणत नाही, पेशवाई म्हणतात. 'सेनापती' मात्र टिकला. कोशात शब्द लिहिता येतो. तो टिकवायचा की नाही, हे बोलणारे ठरवतात.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या बदलाची मोजदाद करण्याचा प्रयत्न केला. त्यांनी तीन पत्रे घेतली. १६२८ च्या पत्रात फार्सी शब्द २०२ आणि मराठी ३४. १६७७ च्या पत्रात फार्सी ५१ आणि मराठी ८४. १७२८ च्या पत्रात फार्सी फक्त ८ आणि मराठी ११९. म्हणजे मराठी शब्दांचे प्रमाण शंभरात चौदावरून बासष्टावर आणि तिथून चौऱ्याण्णवापर्यंत गेले. हे आकडे पुष्कळदा सांगितले जातात आणि स्वराज्यामुळे भाषेत फरक पडला, हे त्यातून दिसतेही. पण माझ्यासारख्या शब्दांत रमणाऱ्या माणसाला एक गोष्ट टोचते. पत्र कोणाचे, कोणाला, कशासाठी, हे न पाहता नुसते शब्द मोजले तर हाती अर्धेच सत्य लागते. जमिनीच्या तंट्याचा कागद आणि घरगुती खुशालीचे पत्र एकाच वर्षी, एकाच माणसाने लिहिले, तरी दोन्हींतले शब्द निराळे निघतील. पेशवे दफ्तरातला सरकारी कागद घेतला तर त्यात सनद, दफ्तर, जमाबंदी हे शब्द तर आहेतच, शिवाय वर्षही पुष्कळदा सुहूर सनाचे घातलेले असते. सलास, अर्बा, खमस हे अरबी आकडे पुण्याच्या वाड्यात बसलेला शास्त्रोक्त स्नानसंध्या करणारा कारकून सहज लिहून जात होता. त्याला त्यात काही परके वाटत नव्हते. तो कागदाचा रिवाज होता.

इंग्रजी राज्य आले, छापखाने आले, शाळा आल्या. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला. पुस्तकी मराठी संस्कृताकडे झुकली, कारण पुस्तके लिहिणारा वर्ग तसा होता. विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. महापौर, दिनांक, हुतात्मा हे त्यांनी दिलेले शब्द आज आपल्या तोंडी बसले आहेत. कायद्याला त्यांनी सुचवलेला 'निर्बंध' मात्र त्या अर्थाने रुजला नाही. लोक अजून कायदाच म्हणतात. याच काळातले कवी माधव ज्यूलियन मला फार जवळचे वाटतात. ते फार्सीचे प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांनी फार्शी-मराठी कोश दिला, गझल मराठीत आणली, १९३३ मध्ये 'गज्जलांजली' प्रसिद्ध केली. आणि त्याच माधवरावांनी १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून फार्सी शब्द टाळण्याचा पुरस्कार केला. एकाच माणसाच्या आयुष्यात भाषेची ही दोन रूपे. भोवतीचा काळ बदलला की भाषेचा एवढा मोठा जाणकारही शब्दांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. महाराष्ट्र राज्य झाल्यावर निघालेल्या 'पदनाम कोशा'ची 'बदनाम कोश' म्हणून थट्टा झाली. तरी त्यातले पुष्कळ शब्द पुढे रुळले. आज कलेक्टरला जिल्हाधिकारी म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. आणि त्याच्याच हाताखालचा तहसीलदार तहसीलदारच आहे.

हा सारा इतिहास सांगायचे कारण निव्वळ शब्दांची हौस नाही. कविता वाचून खाली उतरलो की कोणीतरी प्रेमाने पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण त्या कौतुकात एक समजूत दडलेली असते की मराठी ही माझी मूळची नव्हे, मी ती मेहनतीने मिळवली. आमच्या घरी दखनी बोलत, बाजारात आणि शाळेत मराठी बोलत. अम्मी भाजीवालीशी ज्या मराठीत घासाघीस करायची, ती तिने कुठल्या वर्गात शिकलेली नव्हती. आणि घरातली दखनी तरी कुठे मराठीपासून वेगळी आहे? उत्तरेतला माणूस 'मैं ही' म्हणतो, आम्ही 'मैंच' म्हणतो. तो 'च' मराठीचा. त्याचा 'मत', आमचा 'नक्को'. तो 'नको'ही मराठीचाच. ज्या बोलीला लोक मुसलमानांची बोली म्हणतात, तिने नकार द्यायला मराठी शब्द घेतला आहे आणि ठामपणे काही सांगायलाही मराठीच घेतली आहे. कोकणातले मुसलमान तर घरातही इथलीच बोली बोलतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बार्शीच्या शाहीर अमर शेखांनी मैदाने गाजवली, तेव्हा त्यांना असे प्रशस्तिपत्र देण्याची कोणाला गरज भासली नव्हती. सगळे एका लढ्यात उभे होते, म्हणून सगळ्यांची भाषा एक होती.

दुसऱ्या बाजूलाही हेच सांगावे लागते. आमच्यातले काही जण मुलांनी मराठी कमी बोलावी, म्हणजे आपली ओळख जपली जाईल, असे मानतात. त्यांना शेख महंमदांचा 'योगसंग्राम' दाखवावासा वाटतो. आणि जे 'हा शब्द त्यांचा, तो आमचा' अशी यादी करतात, त्यांना एकनाथांचा 'अर्जदस्त' दाखवावासा वाटतो.

भाषेत नवे शब्द यावेत, जुने जावेत. इंग्रजीच्या लोंढ्यात मराठीची काळजीही वाहावी. पण शब्दाला हाकलताना तो आपल्याकडे कोणत्या कामासाठी आला होता, एवढे विचारावे. कागद, शाई आणि दौत हे तिन्ही शब्द बाहेरून आले, आणि त्यांच्याच आधाराने आपल्या संतांच्या ओव्या पिढ्यानपिढ्या उतरवून ठेवल्या गेल्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)