काळिया आणि गॉडझिला

कर्जतला (लोकलवालं नव्हे, गोदड महाराजांचं!) सुट्टीत पॉवर रेंजर्स बघत वाढलेल्या माझ्यासारख्यांना वाटतं, राक्षसपट म्हणजे जपानी मक्तेदारी. पॉवर रेंजर्समधली मारामारी जपानी मालिकांतूनच उचललेली, हे खरं. पण १९१९ साली आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 'कालिया मर्दन'मधे भलामोठा नाग उभा केला होता, आणि त्याच्याशी पाण्यात झुंजणारा बाळकृष्ण होती त्यांचीच मुलगी मंदाकिनी! फाळके जादूचे प्रयोगही करायचे, 'प्रोफेसर केळफा' या नावाने. (आडनाव उलटं वाचा.)

३५ वर्षांनी, १९५४ मधे, टोकियोत एइजी त्सुबुराया राक्षस बनवायला बसले. 'किंग काँग'सारखी बाहुली एकेक फ्रेम हलवायला ना वेळ होता ना पैसा. मग काय, जुगाड! जाडजूड रबरी सोंगात माणूस घातला, पायाखाली छोटंसं टोकियो बांधलं आणि कॅमेरा जास्त वेगाने चालवला, म्हणजे पडद्यावर चाल जड वाटते. झाला गॉडझिला तयार.

पण खरा फरक ट्रिकमधे नाहीये. काळिया शेवटी शरण येणार हे प्रेक्षकांतल्या आजीलाही ठाऊक होतं. गॉडझिलाचं तसं नव्हतं. त्याच वर्षी मार्चमधे बिकिनी बेटावरच्या अमेरिकन हायड्रोजन बॉम्बची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. सप्टेंबरमधे बोटीवरचा वायरलेस ऑपरेटर वारला. नोव्हेंबरमधे सिनेमा लागला. त्याची सुरुवात बघा: डेकवर निवांत बसलेले खलाशी, समुद्रातून लखलखाट, आणि बोट पेटते.